तुपाच्या डब्यातला सर्वज्ञ

बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मधल्या खोलीत एक गाव वसलेलं होतं. आजोबांनी कुठल्याशा सरकारी कचेरीच्या लिलावात घेतलेलं एक अवजड सागवानी टेबल होतं, त्याच्यावर. पुठ्ठ्याची घरं, काड्यापेट्यांचे ओटे, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेलं गवत आणि मध्ये चौक. चौकात तुपाचा रिकामा डबा उलटा ठेवलेला, त्याला जुन्या रेडिओची बटणं आणि दिवाळीच्या माळेतले दिवे लावलेले. हा डबा म्हणजे ‘सर्वज्ञ’. गावातल्या प्रत्येकाचं सगळं काही त्याला ठाऊक. कुणी काय काम करावं, कुणी कुणाशी बोलावं, कुणाचं नाव काय, सगळं त्याला विचारायचं, आणि तो तोंडातून कागदाची पट्टी बाहेर काढून उत्तर द्यायचा. घरात नियम एकच होता, टेबलाला धक्का लागता कामा नये. आई पोळ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर यायची ती पदर आवळून, भिंतीला पाठ घासत. अण्णा, म्हणजे माझे वडील, कामावरून आले की आधी चपला काढत, मग तिथूनच विचारत, “गाव झोपलंय का चालू आहे?” चालू असलं तर ते बाहेरच्या खोलीत बसून राहत, चहासुद्धा मागत नसत.

हे गाव माझ्या बहिणीचं, विजूताईचं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चित्रकलेच्या कॉलेजात मूर्तिकाम शिकत होती आणि तिच्या डोक्यात एक चित्रपट होता. मातीच्या बाहुल्यांचा. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझा हात तिच्यापेक्षा स्थिर होता, म्हणून बाहुल्या हलवायचं काम माझ्याकडे आलं. काम सांगायला सोपं. बाहुलीचा पाय केसभर पुढे करायचा, हात काढून घ्यायचा, कॅमेऱ्याची कळ एकदा दाबायची. पुन्हा पाय केसभर पुढे, पुन्हा कळ. पडद्यावर बाहुली एक पाऊल टाकते ते बघायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो. ते टाकवायला आमची एक सकाळ जायची. शाडूला तडे जातात म्हणून ताईने गणपतीच्या कारखान्यातल्या काकांना विचारून मेण, खडूची पूड आणि एरंडेलाचं एक मिश्रण बसवलं होतं. आत तांब्याची तार. दिव्यांच्या उष्णतेने ते मेण मऊ व्हायचं आणि बाहुल्यांच्या माना खाली पडायच्या. म्हणून आम्ही त्यांना माठाखालच्या ओल्या फडक्यावर निजवायचो. खाली हसमुखभाईंचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुरुस्त झालेलं प्रत्येक यंत्र ते कापड न घालता नुसतंच चालवून बघत. त्या खडखडाटाने टेबल हलतंय की काय असं वाटायचं, पण सागवान हलत नव्हतं. पुढे हसमुखभाईच आपणहून म्हणाले, “बेन, शूटिंग हशे तो कही देजो ने, हूं यंत्र बंद राखीश.” मग आम्ही खिडकीतून लाल रुमाल लोंबकळत ठेवायचो, आणि रुमाल दिसत असेपर्यंत खाली शांतता असायची.

कॅमेरा जयंतचा होता. त्याच्या नैरोबीच्या मामांनी परत जाताना त्याला दिलेला, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा, किल्लीचा. जयंत तरसालीला आईबरोबर राहायचा आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्कूटर खाली लावून वर यायचा, येताना बहुतेक वेळा सेव-उसळीचा डबा घेऊन. डबा उघडला की लाल तर्रीचा वास घरभर पसरायचा आणि आई म्हणायची, “अरे, घरी खिचडी-कढी केलीय, हे कशाला?” आणि पहिली वाटी स्वतःला घ्यायची. तो कॅमेऱ्यामागे, ताई दिव्यांपाशी, मी बाहुल्यांपाशी. त्यांचं दोघांचं जमलंय हे मला कुणी सांगितलं नाही. ताई “थांब” म्हणायची तेव्हा मी थांबायचे आणि तो थांबायचा, पण तो थांबायचा ते वेगळं होतं, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं.

चित्रपटाची गोष्ट मुळात अण्णांमुळेच सुचली. अण्णा कोयलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात हिशेब खात्यात होते आणि तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता. आताच्या मुलांना सांगून खरं वाटणार नाही, पण त्याच्या खोलीत जाताना बूट बाहेर काढून ठेवावे लागत. खोली थंडगार. अण्णा देवाधर्मातले नव्हते, लग्न त्यांनी पत्रिका न बघता केलं होतं, आम्हा दोघी बहिणींच्या पत्रिकाही त्यांनी करू दिल्या नव्हत्या. पण त्या खोलीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. “त्याला आपला-परका नाही,” ते जेवताना सांगायचे. “लोभ नाही, कंटाळा नाही. माणूस चुकतो तो दमतो म्हणून. हे दमतच नाही.” एकदा त्यांनी हसत हसत सांगितलं की, त्यांच्या खात्यातल्या एका गृहस्थाचं नाव मशीनने ओळखपत्रावर चुकीचं छापलं. तो तक्रार घेऊन गेला, तर साहेब म्हणाले, मशीनमध्ये बदलायला फार वेळ लागेल, तोवर तुम्हीच तशी सही करा. आणि तो करायला लागला. अण्णांना त्यात गंमत वाटली होती. ताईने घास तसाच हातात धरला होता. “आणि लोक त्याला काय म्हणतात आता?” तिने विचारलं. “मशीनमधलंच नाव घेतात,” अण्णा म्हणाले. “सवय होते.”

त्यातून तारा आली. तारा म्हणजे मडकी विकणारी एक बुटकी बाहुली, कपाळावर बटणाएवढं कुंकू. गावातल्या रांगेत उभी राहून ती सर्वज्ञाला काहीतरी साधंसं विचारायला जाते, आणि सर्वज्ञाच्या तोंडातून पट्टी येते, ‘चंपा’. ती म्हणते मी तारा. पण गाव पट्टी वाचतं. शेजारी तिला चंपा म्हणायला लागतात, मग तिचं पोर म्हणायला लागतं. शेवटी तारा डब्याची वायर उपटते, गावकरी त्याला चेपून टाकतात आणि सगळे नाचतात. असा शेवट ताईने आधी ठरवला होता. नाच बसवायला किती सकाळी लागतील याच्या हिशेबाने मला घाम फुटायचा.

जयंतच्या आईने लग्नासाठी रीतसर विचारणा केली तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. त्या विधवा होत्या, मृदू बोलायच्या. एकच म्हणाल्या, “पत्रिका तेवढी द्या. मी जुन्या वळणाची आहे.” अण्णांनी पत्रिका नाही म्हणून सांगितलं. मग थोडा विचार करून म्हणाले, “करून देतो. पण भटजीकडून नाही.” रावपुऱ्यात एक दुकान नवीनच निघालं होतं, बाहेर पाटी, ‘कॉम्प्युटर जन्मपत्रिका’. आई म्हणाली, “तुम्ही आणि पत्रिका?” अण्णा म्हणाले, “हे गणित आहे गं. ग्रह कुठे होते ते तर गणितच आहे. आणि मशीनला दक्षिणेची हाव नाही.”

मी त्यांच्याबरोबर गेले होते. लहानसं दुकान, काचेचं दार, आत एक तरतरीत मुलगा कॉम्प्युटरपुढे बसलेला. “बेसो काका, बे मिनिट,” तो म्हणाला. अण्णांनी घरून लिहून आणलेला कागदाचा कपटा पुढे केला. ताईची जन्मतारीख, गाव बडोदे, वेळ सहा चाळीस. मुलगा टायपू लागला आणि अण्णा त्याला त्यांच्या कारखान्यातल्या मशीनबद्दल सांगू लागले, ते केवढं मोठं आहे, त्याची खोली कशी आहे. मुलगा मान डोलवत होता. मग छपाईयंत्र कर्कश ओरडलं आणि कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद बाहेर आला. अण्णांनी तो तिथे वाचला नाही. घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि सबंध रस्ताभर एक हात छातीवर धरून चालले.

घरी येऊन त्यांनी चष्मा लावला. आई तांदूळ निवडत होती, ताई टेबलापाशी ताराचा नवा हात वळत होती. अण्णा वाचत वाचत थांबले. मग पुन्हा वरून वाचलं.

“काय आलं?” आईने विचारलं.

“मंगळ आहे. आठव्या घरात. कडक, असं लिहिलंय.”

“मग फाडून टाका. आपण कुठे मानतो.”

“आपण मानत नाही. त्यांनी मागितलीय.”

“सांगा, नाही जमलं करायला.”

“खोटं कसं सांगू?” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा खरंच गोंधळलेला होता. “मी स्वतः जाऊन केलंय ना. आता जे आलंय ते आलंय.”

ताईच्या हातातला मेणाचा गोळा लांबत लांबत दोरीसारखा झाला होता.

अण्णांनी तो कागद स्वतः तरसालीला नेऊन दिला. खोटं बोलायचं नाही या गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता आणि तो काही खोटा अभिमान नव्हता. काही दिवसांनी जयंतच्या आई आल्या. पेढ्यांचा पुडा आणला होता, तो कसा द्यावा हे त्यांना कळेना, म्हणून मांडीवरच राहिला. त्या आईला म्हणाल्या, “आमचे हे गेले तेव्हा जयंत चौथीत होता. स्कूटरवरून कामाला गेले ते आलेच नाहीत. विजू सोन्यासारखी मुलगी आहे, मला दिसतंय. पण मंगळाची मुलगी घरात आली तर मला एक दिवस झोप लागणार नाही. तो पाच मिनिटं उशिरा आला तरी मी तिच्याकडेच बघेन. तिलाही ते बरं नाही.” आई म्हणाली, “अहो, दुसऱ्या कुणाला दाखवून घ्या.” त्या म्हणाल्या, “जोशीबुवांनी सांगितलं असतं तर दुसऱ्या जोशांकडे गेले असते. हे मशीनचं आहे. त्याच्यावर कुणाला विचारणार?”

जयंत त्यानंतर एकदा आला. कॅमेरा न्यायला आला असेल असं मला वाटलं. पण तो तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवलेला होता आणि तारा रांगेत उभी होती. कॅमेरा हलवला असता तर झालेलं काम वाया गेलं असतं. जयंत त्याच्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, “संपेपर्यंत राहू दे.” मग म्हणाला, “आईपुढे माझं चालत नाही, विजू.” ताई म्हणाली, “बरं.” तिने त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन गेला.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल लिहायला बसले की माझ्या हाती फारसं काही लागत नाही. कुणी रडलं असेल तर मला आठवत नाही. भांडण झालं नाही. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला आहे हे नुसतं ठाऊक असतं, तसं घर होतं. थंडीचे दिवस होते, बाजारात पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, आला, आईने आणला, लिंबू-साखर घालून आम्ही खाल्ला. उंधियू झाला. संक्रांतीला सगळं बडोदे गच्चीवर पतंग उडवत होतं आणि आम्ही दोघी मधल्या खोलीत, खिडक्या बंद करून, ताराला रांगेतून पुढे सरकवत होतो. आता कळ ताईच दाबायची. तिकाटणं तिथेच होतं आणि आम्ही सगळे त्याला वळसा घालून जगत होतो. आई त्याच्या पायांभोवतीचा केर हाताने टिपायची. एकदा मी ताईला विचारलं, “तुला वाईट वाटतंय का?” तिने जरा वेळ खरंच शोधल्यासारखं केलं. “नाही सापडत,” ती म्हणाली. “डावा हात घे थोडा वर.” मला आता वाटतं, बाहुल्यांच्या कामाने आम्हाला तेव्हा सांभाळलं. केसभर हलवायचं आणि हात काढून घ्यायचा. त्याहून जास्त कुणी कुणाला त्या घरात हात लावत नव्हतं.

अण्णा कोयलीला जात होते, येत होते. जेवताना मशीनबद्दल बोलणं त्यांनी बंद केलं होतं. दुसरं काय बोलायचं ते त्यांना सुचत नसे.

मग एके दुपारी आईने तो कागद पाहिला. पत्रिकेची एक प्रत अण्णांनी कपाटात ठेवली होती आणि आई कपाट आवरत होती. तिने तो आधी कधी वाचलाच नव्हता. तशीच बाहेर आली आणि अण्णांना म्हणाली, “यात सकाळ लिहिलीय.”

“काय सकाळ?”

“विजूचा जन्म. सकाळी सहा चाळीस लिहिलाय. विजू दिवेलागणीला झाली. सुईणबाईंनी समई जवळ ओढून घेतली होती, मला दिसत होती.”

अण्णांनी कागद घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी कपट्यावर नुसतं सहा चाळीस लिहिलं होतं, मुलाने विचारलं नव्हतं आणि मशीनला जे मिळालं त्याचं गणित त्याने बिनचूक केलं होतं. अण्णा उठले, शर्ट बदलला आणि रावपुऱ्याला गेले. तिथून नवा कागद घेऊन परस्पर तरसालीला गेले. परत आले तेव्हा पानं घेतली होती. ते हात धुऊन पानावर बसले आणि पहिला घास कालवताना म्हणाले, “चूक दुरुस्त करून आणली. मंगळ दुसऱ्या घरात आहे. म्हणजे नाहीच. काहीच दोष नाही.”

“आणि त्या काय म्हणाल्या?” आईने विचारलं.

“चहा दिला. म्हणाल्या, जयंतचं नवसारीला ठरवलंय. शब्द दिलाय.” ते थांबले. “म्हणाल्या, आधी कळलं असतं तर.”

ताई आमटी वाढत होती. तिने माझ्या वाटीत वाढली, आईच्या वाटीत वाढली, मग पळी खाली ठेवली.

“अण्णा, नवा कागद तुम्ही का केलात?”

“का म्हणजे? वेळ चुकली होती.”

“आणि संध्याकाळची वेळ घालूनही मंगळच आला असता तर?”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.

“तर तुम्ही तरसालीला गेला असता का?” तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. वरण अजून हवंय का असं विचारावं तसा होता. “माझ्याबद्दल तुम्हाला तीन महिने वाईट वाटत होतं ते आज बंद झालं, कारण मशीनने सांगितलं मी ठीक आहे. मी काल पण हीच होते.”

खाली हसमुखभाईंनी कुठलंसं यंत्र चालवून पाहिलं आणि बंद केलं. मला आठवतं, आईने उठून ताक आणलं आणि सगळ्यांना विचारल्याशिवाय वाढलं.

ताईचं आयुष्य त्यावर थांबलं वगैरे काही झालं नाही, हे इथेच सांगून टाकते, कारण अशा गोष्टी वाचणाऱ्यांना तशी सवय असते. पुढे काही वर्षांनी ती चित्रकला शिकवायची त्या शाळेतल्या एका शिक्षकांशी तिने लग्न केलं, पत्रिका कुणी काढली नाही, सुखाने संसार केला. ती आता त्याच तरसालीत मुलाकडे राहते. जयंतही कुठे कुठे लग्नकार्यात भेटला, टक्कल पडलेला, गप्पिष्ट, गुडघ्यांची तक्रार करणारा. त्याच्याशी बोलताना ताईला काही होत नसे आणि ते ढोंग नव्हतं.

त्या जेवणानंतरच्या सकाळी मी नेहमीसारखी दिवे लावायला गेले तर ताई टेबलासमोर स्टुलावर बसली होती. म्हणाली, “नाच नको.” मला मनातून हायसं वाटलं. “मग शेवट काय?” “सर्वज्ञाला चूक कळते. तो नवी पट्टी काढतो, ‘तारा’. सगळा गाव ती पट्टी वाचतो, आनंद करतो, धावत येतो आणि तिला हाका मारतो. तारा, तारा.” “आणि डबा फोडत नाहीत?” “फोडतील कशाला? त्याने तर बरोबर सांगितलं.” “आणि तारा?” ताईने ताराला ओल्या फडक्यावरून उचललं, तिचे पाय दोन टाचण्यांनी चौकात पक्के केले, गावाकडे पाठ करून, आणि कॅमेऱ्यातून बघितलं. मग म्हणाली, “तिला हलवायचं नाही. बाकीच्यांना हलव.”

त्या शेवटाला आम्हाला सबंध उन्हाळा लागला. बडोद्याचा उन्हाळा, बंद खिडक्या, मोठे दिवे. गावातली प्रत्येक बाहुली मी केसाकेसाने हलवत होते, हात वर, हात खाली, तोंड उघडं, तोंड मिटलं, आणि मध्ये ती बुटकी तारा, तिला फक्त थंड ठेवायचं, मान पडू द्यायची नाही. आधी मला वाटलं होतं, जी हलत नाही तिचं काम सोपं. पण सभोवती सगळं हलवताना एक न हलणारी वस्तू जपणं याच्यासारखं अवघड मी पुढे नोकरीतही काही केलं नाही. माझी बाही तिला चुकून लागली की त्या सकाळचं सगळं फुकट. ताई एका शब्दाने रागवायची नाही. पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या वर्षी ताईच्या नातवाने, ईशानने, ते जुनं रीळ कुठून तरी संगणकावर उतरवून घेतलं. मुलगा गुणी आहे. “आजी, फार झटके मारत चालतात तुझ्या बाहुल्या,” तो म्हणाला आणि एआयला सांगून मधली मधली चित्रं त्याने भरून घेतली. त्याने आम्हा दोघींना सोफ्यावर बसवून टीव्हीवर दाखवलं. बाहुल्या लोण्यावरून चालल्यासारख्या चालत होत्या. रंग असे की, आम्ही पुठ्ठ्याला कधी दिले नव्हते. शेवट आला. गाव हाका मारायला लागलं आणि ताराची मान किंचित वळली. अगदी किंचित, कुणीतरी बोलावल्यावर वळते तेवढी.

ताई म्हणाली, “ही मान मी वळवली नव्हती.”

“थोडीशीच आहे, आजी. त्याला वाटलं असेल, सगळे हलतायत तर हिनेही हलायला हवं. नॅचरल वाटतं.”

“छान केलंस रे,” ताई म्हणाली. मग म्हणाली, “जुनं आहे ना अजून? ते पुसू नकोस.” आणि चहा ठेवायला उठली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती गॅसपाशी उभी होती, चहाची पूड घालायची विसरून. मी घातली.

तेव्हा, त्या वर्षी, चित्रपट आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या गणपतीत दाखवला. रीळ मुंबईहून धुऊन आलं होतं. आरती झाली, खिरापत वाटली गेली, मग दोन खांबांना चादर बांधली आणि बाया, मुलं, म्हातारे सतरंज्यांवर बसले. चित्रपट मुका होता, म्हणून सगळे आवाज मी पडद्याशेजारी माइकसमोर बसून काढायचे असं ठरलं होतं. ताई मागे भिंतीला टेकून उभी. प्रोजेक्टर मागून आणलेला होता आणि त्याची वायर सैल होती, ती धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं. अण्णा आपणहून पुढे झाले. पत्र्याच्या खुर्चीवर बसून त्यांनी वायर हातात धरली. त्या जेवणापासून ते आणि ताई गरजेपुरतंच बोलत होते. त्यांनी तोवर एकही दृश्य पाहिलेलं नव्हतं. शेवट बदलल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पडद्यावर डबा आला, दिवे लुकलुकले आणि पोरं हसली. ओळखपत्रावरच्या चुकीच्या नावाने सही करणाऱ्या गृहस्थांची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे ‘चंपा’ची पट्टी आली तेव्हा मोठी माणसंही हसली. मग हळूहळू हसणं कमी झालं. ताराचं पोर तिला चंपा म्हणतं तिथे बायकांमध्ये कुणीतरी चुकचुकलं. मग नवी पट्टी, गावाचा आनंद, हातवारे. मी माइकमध्ये हाका मारू लागले, तारा, तारा, वेगवेगळ्या आवाजांत, म्हाताऱ्याचा, बाईचा, पोराचा. चौकात ती उभी. पाठ गावाकडे. माझ्या हाका संपत आल्या तरी ती उभीच, आणि गावाचे तेच तेच हात पुन्हा वर, पुन्हा खाली.

सतरंजीवर चुळबूळ सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, “ए, अटकी गयुं.” मंडळाचे चिटणीस उठून प्रोजेक्टरपाशी गेले आणि त्याच्या कडेला थाप मारायला त्यांनी हात उचलला.

अण्णांनी वायर एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट पकडलं.

“अडकलेलं नाही,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. “फिल्म चालू आहे. ती उभी आहे.”

चिटणीस पडद्याकडे बघत तिथेच थांबले. मी पुन्हा हाक मारली, शेवटची, ठरलेली, आणि गप्प झाले. पडद्यावर सगळा गाव हात हलवत राहिला. अण्णांनी चिटणीसांचं मनगट सोडलं नव्हतं. मग रीळ संपलं, मोकळी पट्टी चाकावर फटफट वाजायला लागली, आणि मागून ताई चालत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी उभी राहिली. “द्या, अण्णा,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातातून वायर घेतली.